७७७ देऊन टाकलं, पण कुणाला?

‘पर्मिशन डिनाइड’ दिसलं की लिनक्स सर्व्हरवर पहिली कमांड कोणती जाते, हे इथं बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. हसू नका. सीएचमॉड ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क! एरर जातो, तक्रारीचं तिकीट बंद होतं, आणि तो फोल्डर वर्षानुवर्षं तसाच उघडा पडून राहतो.

वाचायला ४, लिहायला २, चालवायला १, बेरीज ७. पहिला आकडा मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. हे ‘बाकी सगळे’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर माणसं येतात. पण वेब सर्व्हर ज्या खात्याखाली चालतो, तेही त्यातच मोडतं. वेबसाइटच्या एखाद्या भोकातून कुणी आत शिरला, तर त्याला आयता मिळतो तो हा तिसरा ७.

आता एक गंमत बघा. पगाराची फाइल ६०० आहे, म्हणजे मालकाखेरीज कुणालाही ती वाचता येत नाही. सगळं चोख. फक्त ती ज्या फोल्डरमध्ये आहे, तो ७७७. तर कुठलाही युजर ती फाइल पुसू शकतो! न वाचता, न उघडता. कारण फाइल पुसणं म्हणजे फोल्डरच्या यादीतून तिचं नाव काढणं, आणि त्यासाठी हक्क लागतो तो फोल्डरवर. शिवाय त्याच नावाची आपली फाइल तिथं ठेवायला तो मोकळा. तात्पुरत्या फाइलींचा टेम्प फोल्डर सगळ्यांचा असतो, म्हणूनच तो १७७७ असतो. पुढचा १ म्हणजे स्टिकी बिट. तिथं दुसऱ्याची फाइल साध्या युजरला पुसता येत नाही.

मग एकत्र काम करायचं कसं? ग्रुप करा, फोल्डरला २७७० द्या. त्या २ मुळे आत तयार होणारी प्रत्येक फाइल फोल्डरचाच ग्रुप घेते. इथवर बहुतेक जण पोहोचतात. पण यूमास्क, म्हणजे नव्या फाइलीतून कोणते हक्क वगळायचे ते सांगणारा आकडा, ०२२ राहिलेला असतो, नवी फाइल ६४४ होते, सहकाऱ्याला लिहिता येत नाही, आणि वैतागून गाडी पुन्हा ७७७ वर. यूमास्क ००७ करा, एवढंच राहिलेलं असतं.

विंडोजवाल्यांनी खूश होऊ नये. ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ हा तिकडचा ७७७ च. शेअर (नेटवर्कवरून फोल्डर खुला करताना दिलेली) आणि एनटीएफएस (डिस्कवरच्या फाइलींना लावलेली) यांतली कडक पर्मिशन लागू होते म्हणून कित्येकदा निभावतं, इतकंच.

राहिली नोकरी सोडून गेलेली माणसं. नुसता पासवर्ड लॉक करून भागत नाही, एसएसएच की, म्हणजे पासवर्डशिवाय दुरून लॉगिन करायची किल्ली, शिल्लक असेल तर दार उघडं राहू शकतं. खात्याची मुदतच संपवा आणि ती किल्लीही काढून टाका. आणि खातं डिलीट केलंत तरी फाइली मागे राहतात, त्यांच्यावर नावाऐवजी नुसता यूआयडी, म्हणजे खात्याचा क्रमांक, दिसतो. तोच क्रमांक उद्या नव्या माणसाला मिळाला, तर त्या सगळ्या फाइलींचा मालक तो. तेव्हा खातं काढण्याआधी फाइंड कमांड चालवून त्याच्या फाइली शोधा आणि त्या फाइली कुणाच्या नावावर करायच्या, ते त्याच्या साहेबांकडून लेखी घ्या.