स्वर्गाची ओढ का लागत नाही?

श्रोतेहो, जय ख्रिस्त.

मयतीला आपण स्वर्गाबद्दल भरभरून बोलतो. पेटी कबरेत उतरते, मूठमूठ माती पडते, गीत होतं, पाळकसाहेब पुनरुत्थानाचा उतारा वाचतात. घरी येऊन हातपाय धुतले की विषय मिटला. एरवी आपल्या प्रार्थनेत मुलाची नोकरी असते, मुलीचं लग्न, आईचे गुडघे, हडपसरच्या फ्लॅटचा हप्ता. हे मागावंच, रोजची भाकर मागायला प्रभूनेच शिकवलं. पण त्याच प्रार्थनेत भाकरीच्या आधी ‘तुझे राज्य येवो’ आहे, आणि तिथे आपलं मन क्वचितच थांबतं.

यावर मंडळीला संसारात गुंतल्याचा दोष देऊन मोकळं होता येतं. मला ते पटत नाही. स्वर्ग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतात ढग, पांढरे झगे आणि कधीच न संपणारी उपासना. जिथे अंगण नाही, हाताला काम नाही, आपल्या माणसांची गजबज नाही, तिथे जायला मन कसं ओढ घेईल? नरक नको म्हणून स्वर्ग चालेल, एवढ्यावरच आपण थांबतो.

पवित्र शास्त्रातलं चित्र फार वेगळं आहे. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या 21व्या अध्यायात पवित्र नगरी देवापासून खाली उतरते. नवं आकाश, नवी पृथ्वी, आणि देव स्वतः माणसांत वस्तीला येतो. पुढच्या अध्यायात नगरीच्या रस्त्यामधून स्फटिकासारखी नदी वाहते. तिच्या काठच्या झाडाची पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत. आता बंडगार्डनच्या पुलावरून उन्हाळ्यातली मुळा-मुठा बघा. काळं पाणी, जलपर्णीचा थर, नाकाला रुमाल लावून जाणारी माणसं. नदी अशी नसावी, असं पोटातून वाटतं ना? प्रेषित पौल रोमकरांस पत्रात लिहितो की सगळी सृष्टी कण्हते आहे आणि तिच्याबरोबर आपणही. ओढ आपल्यात आहेच, फक्त तिचं नातं आपण स्वर्गाशी लावत नाही. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 65व्या अध्यायात वचन आहे, लोक घरं बांधतील आणि स्वतः त्यांत राहतील. जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींवर विटा वाहिलेल्या एखाद्या मावशींना ते वाचून दाखवा.

स्वर्गाकडे डोळे लागले की माणूस इथलं काम टाकतो, अशी भीती काहींना वाटते. पण पंडिता रमाबाईंकडे बघा. त्यांनी दुष्काळातल्या मुलींना मध्य प्रांतातून आणलं, केडगावला ‘मुक्ती मिशन’चं काम उभारलं, विहिरी खणल्या, मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणायला घेतलं. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. बाईंनी भाषांतर सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूकडे गेल्या.

पौलाचंही असंच. तुरुंगातून तो फिलिप्पैकरांना लिहितो की मी पेचात आहे: ख्रिस्ताजवळ जावंसं वाटतं, पण तुमच्यासाठी राहणं जास्त गरजेचं आहे. त्याला मरण नको होतं, ख्रिस्त हवा होता. मला वाटतं, आपली खरी अडचण इथे आहे. ज्याच्याशी आठवडाभर दोन शब्द बोलणं होत नाही, त्याच्या घरी जायची ओढ कुठून लागणार?

तेव्हा या रविवारी उपासनेनंतर घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाजवळ बसा. प्रकटीकरणाचे शेवटचे दोन अध्याय सावकाश, मोठ्याने वाचा. मग त्यांना विचारा, यातलं पहिल्यांदा काय बघायला आवडेल.