घड्याळाच्या मनोऱ्यातला नास्तिक

श्रोतेहो, नमस्कार.

ज्याला देवाचं भय नाही, त्याला उसने पैसे द्यावेत का? हसू नका. इंग्लंडमध्ये या प्रश्नावर दोनशे वर्षं डोकेफोड झाली. ज्याला नरकाची भीती नाही तो दिलेला शब्द पाळेलच कशावरून, असा तो प्रश्न. जॉन लॉक हा केवढा विचारवंत! निरनिराळ्या पंथांनी एकमेकांना सांभाळून घ्यावं म्हणून त्यानं 1689 मध्ये लिहिलं, पण त्यातूनही नास्तिकांना वगळलं. वचन, करार, शपथ, यातलं काहीच म्हणे त्यांना बांधून ठेवत नाही.

बरं, शंका फक्त नास्तिकांवर होती असंही नाही. कलकत्त्याच्या ओमीचंद नावाच्या व्यापाऱ्याचं बार्कर नावाच्या इंग्रजाकडे येणं होतं. दावा लंडनला गेला आणि तिथे वाद कशावर, तर बायबलवर हात न ठेवणाऱ्या हिंदू साक्षीदारांचं ऐकायचं का यावर! पैसे थकवले ख्रिस्ती माणसानं, आणि सचोटीची परीक्षा हिंदूंची. शेवटी 1744 मध्ये न्यायाधीशांनी ब्राह्मणाच्या पायाला हात लावून घेतलेली शपथ ग्राह्य धरली. शहाणपण आलं, पण व्यापाराच्या वाटेनं आलं. बहुतेक वेळा ते त्याच वाटेनं येतं, असं आपलं माझं मत.

पार्लमेंटच्या शपथेत तर 'ख्रिस्ती माणसाच्या खऱ्या श्रद्धेला स्मरून' असे शब्दच होते. लायोनेल रॉथशील्ड हा ज्यू पेढीवाला 1847 मध्ये लंडन शहरातून निवडून आला. सरकार कर्ज उभारायला त्याच्या पेढीकडे जायचं, तेव्हा त्याचा शब्द चालायचा. सभागृहात मात्र चालेना, कारण तो ते शब्द उच्चारायला तयार नव्हता. आत बसायला त्याला 1858 उजाडलं.

आणि 1861 मधली ही गोष्ट ऐका. रॉचडेल गावच्या एका बाईनं आपला पियानो परत मिळावा म्हणून दावा लावला. न्यायाधीशांनी विचारलं, देव मानता का? मेल्यानंतर शिक्षा-बक्षीस मानता का? ती म्हणाली, नाही. झालं! साक्ष बाद, दावा बाद. पियानो कुणाचा, हा प्रश्नच कुणी विचारला नाही.

यातली गोम जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंतानं दोनच वर्षं आधी दाखवून दिली होती. समजा, दोन नास्तिक कोर्टात आले. एक लबाड, एक सरळ. लबाड म्हणतो, 'हो, मानतो की देवाला.' त्याची साक्ष घेतली जाते. सरळ माणूस म्हणतो, 'खरं सांगू का, मी मानत नाही.' त्याला खाली उतरवतात. म्हणजे खरं बोलला तो बाहेर आणि खोटं बोलला तो आत. पुन्हा सांगतो, कारण आजच्या बोलण्याचा कणा हाच आहे : खरं बोलला तो बाहेर, खोटं बोलला तो आत.

आता ज्या माणसासाठी मी हा विषय घेतला त्याच्याकडे येतो. चार्ल्स ब्रॅडलॉ. जन्म 1833, लंडनचा हॉक्स्टन भाग, वडील वकिलाकडे कारकून. पोरगा इतका भाविक की चर्चच्या रविवारच्या शाळेत लहान मुलांना शिकवायचा. बिशपसाहेब येणार होते, म्हणून पाद्रीबाबांनी त्याला अभ्यास करून ठेवायला सांगितलं. यानं तो फारच मन लावून केला! बायबलमधली शुभवर्तमानं आणि इंग्लंडच्या चर्चची श्रद्धेविषयीची एकोणचाळीस कलमं शेजारी शेजारी ठेवून वाचली. मेळ बसेना. म्हणून त्यानं पाद्रीबाबांना अदबीनं पत्र लिहून शंका विचारल्या. पाद्रीबाबांनी उत्तर देण्याऐवजी त्याला नास्तिक ठरवलं आणि शाळेतून दूर केलं. पोरगा तोवर नास्तिक झालेला नव्हता हो! तो नुसता विचारत होता. पुढे घर सुटलं, काही काळ सैन्यात काढला, मग वकिलाकडे कारकुनी धरली.

कारकुनी म्हटलं म्हणून सांगतो. कायदा शिकावा तो कारकुनानं. आपल्याकडेही तालुक्याच्या कोर्टात एखादा जुना कारकून असतो, पदवी नाही, पण कुठल्या अर्जाला किती तिकीट लावायचं आणि कुठली तारीख हुकली की दावा बुडतो, हे त्याला वकिलापेक्षा पक्कं ठाऊक. ब्रॅडलॉ त्याच जातकुळीचा. पुढे तो स्वतःचे खटले स्वतःच लढवायचा आणि नावाजलेल्या बॅरिस्टरांना घाम फोडायचा.

1866 मध्ये त्यानं नॅशनल सेक्युलर सोसायटी ही धर्म न मानणाऱ्यांची संस्था काढली. गावोगाव भाषणं सुरू झाली. आणि मग पसरली घड्याळाची कथा. काय, तर म्हणे ब्रॅडलॉ व्यासपीठावर उभा राहतो, खिशातलं घड्याळ काढतो आणि म्हणतो, 'देव असेल तर त्यानं मला पाच मिनिटांत मारून दाखवावं!' श्रोतेहो, असं काही घडलंच नव्हतं. त्यानं पुनःपुन्हा इन्कार केला, कोर्टात गेला, तरी कथा मरेना. सांगणारे कोण? भाविक मंडळी. म्हणजे सत्यासाठी नास्तिक कोर्टात जातोय आणि खोटी कथा पसरवतायत त्याच्यावर बेइमानीचा शिक्का मारणारे. हल्ली मनगटावर घड्याळ कुणी बांधत नाही, सगळे फोनमध्ये बघतात, आणि वेळ विचारली की त्याबरोबर चार निरोप वाचून मग सांगतात. ते जाऊ दे.

1880 मध्ये नॉर्दम्प्टनच्या मतदारांनी, त्यात चांभारकामाची वस्ती मोठी, या माणसाला पार्लमेंटवर निवडून दिलं. तो सभागृहात गेला आणि म्हणाला, मला देवाची शपथ नको, मी साधी प्रतिज्ञा करतो. क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना ती सवलत होतीच. त्यांचं म्हणणं, शपथच घेऊ नका असं येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलंय, तुमचं हो म्हणजे हो असू द्या. ते बायबलमध्ये आहेही! पण सभागृहाच्या समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या एका मतानं ब्रॅडलॉला नकार मिळाला.

तो म्हणाला, ठीक आहे, कायद्याला शपथच हवी ना? घेतो. तर सभागृह म्हणालं, आता शपथही घेऊ देणार नाही! तुम्ही देव मानत नाही, मग तुमची शपथ खोटी. बघा बरं गंमत. याची शपथ खोटी ठरेल हे त्यांना कशावरून कळलं? त्यानं स्वतःच सांगितलं म्हणून. म्हणजे त्याच्या शब्दावर त्यांचा पुरता विश्वास होता. ज्याच्या शब्दावर विश्वास आहे त्याला, शब्दावर विश्वास ठेवता येत नाही म्हणून, बाहेर काढायचं! लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल, म्हणजे विन्स्टन चर्चिलचे वडील, यांनी तर भर सभागृहात ब्रॅडलॉचं एक चोपडं जमिनीवर आपटून पायाखाली तुडवलं.

23 जून 1880. त्याला बाहेर जायला सांगितलं. तो गेला नाही. तेव्हा त्याला पकडून कुठे ठेवलं असेल? आपण ज्याला बिग बेन म्हणतो त्या घड्याळाच्या मनोऱ्यात! ज्या माणसाच्या मागे खोट्या घड्याळाची कथा लागली, त्याच्या डोक्यावर ते खरं, अवाढव्य घड्याळ रात्रभर टोले देत राहिलं. दुसऱ्या दिवशी सोडलं. ठेवून करणार काय?

काही महिने त्याला प्रतिज्ञा करून स्वतःच्या जोखमीवर बसू दिलं, मग कोर्टानं सांगितलं की त्याची प्रतिज्ञा कायद्यात बसत नाही. जागा रिकामी. पोटनिवडणूक. 1881, पुन्हा ब्रॅडलॉ. सभागृह पुन्हा घेईना. 3 ऑगस्टला तो दाराशी आला, तेव्हा शिपाई आणि पोलीस मिळून त्याला जिन्यावरून ओढत खाली घेऊन गेले. धिप्पाड गडी, त्यामुळे बरेच जण लागले. कोट फाटला. बाहेर त्याच्या बाजूचे लोक मोठ्या संख्येनं जमले होते. त्यानं मनात आणलं असतं तर त्या दिवशी दंगल झाली असती. झाली नाही. देवाचं भय नसलेल्या माणसाच्या शब्दावर लोक शांत राहिले, हे मात्र सभागृहात कुणी नोंदवलं नाही.

1882 च्या फेब्रुवारीत त्यानं कमाल केली. सरळ टेबलापाशी चालत गेला, खिशातून बायबलचा 'नवा करार' काढला आणि स्वतःच स्वतःला शपथ दिली! सदस्यांची तोंडं उघडीच राहिली. त्याला बडतर्फ केलं. पोटनिवडणूक, पुन्हा ब्रॅडलॉ. 1884 मध्ये पुन्हा. 1885 च्या सार्वत्रिक निवडणुकीत पुन्हा. नॉर्दम्प्टनकरांच्या चिकाटीला दाद द्यायला हवी. त्यातले कितीतरी चर्चला जाणारे होते, पण आपला माणूस कसा आहे ते त्यांना माहीत होतं.

मधे 1883 मध्ये प्रतिज्ञेची मुभा देणारं विधेयक आलं. त्याच्या बाजूनं कोण उभं राहावं? पंतप्रधान ग्लॅडस्टन, इंग्लंडमधला एक अत्यंत धर्मनिष्ठ माणूस. त्यांनी विचारलं, कुठला तरी एखादा देव मानला की तुम्हाला चालतं; तो देव माणसाकडे ढुंकून पाहत नसला तरी चालतं. मग अशा मानण्यानं तुम्ही धर्माचं रक्षण कसलं करता? भाषण अप्रतिम झालं आणि विधेयक पडलं. 289 विरुद्ध 292. अवघी तीन मतं!

1886 च्या जानेवारीत नवे सभापती पील यांनी सांगितलं, निवडून आलेला सदस्य शपथ घेत असेल तर मधे पडायचा कुणालाही अधिकार नाही. मिटलं. साडेपाच वर्षांचा तमाशा दोन मिनिटांत. आत गेल्यावर ब्रॅडलॉनं 1888 मध्ये स्वतःच कायदा करून घेतला : ज्याला शपथ नको त्यानं प्रतिज्ञा करावी, सभागृहातही आणि कोर्टातही.

तो आपल्याला जवळचा का, तेही सांगतो. पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानचे प्रश्न तो इतक्या नेटानं मांडायचा की त्याला 'हिंदुस्थानचा सदस्य' म्हणत. 1889 च्या डिसेंबरात, मोठ्या आजारातून उठून, तो मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला. त्या 1889 सालच्या अधिवेशनाला प्रतिनिधीही 1889 होते, हा योगायोग! त्यात हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती सगळे. त्याला टाळ्या देताना तू कुठला देव मानतोस हे कुणी विचारलं नाही. पुढे लाहोरला त्याच्या नावाचा ब्रॅडलॉ हॉल उभा राहिला.

आता दुसरी बाजू, थोडक्यात, कारण घड्याळ माझ्याही समोर आहे. श्रद्धेनं नीतीला काहीच मिळत नाही असं मी म्हणत नाही. आपल्या पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात, समाजानं टाकलेल्या बायकांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या. हे का करता, असं विचारल्यावर त्यांना येशूची आणि शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली गेली, आणि रमाबाईंचं आयुष्य वळलं. विधवा आणि निराधार बायकांसाठीचं केडगावचं मुक्तिसदन त्यातून उभं राहिलं. आणि त्याच काळात पुण्यात गोपाळ गणेश आगरकर, देवाधर्माचा आधार न घेता, त्याच विधवांसाठी 'सुधारका'त झगडत होते. लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी ते हटले नाहीत. एकीला बळ येशूकडून मिळालं, एकाला मिल आणि स्पेन्सर वाचून मिळालं. केशवपन झालेल्या मुलीच्या दृष्टीनं दोघांच्या कामात फरक काय होता, मला सांगा! आगरकरांवर शाळेच्या पुस्तकात एक धडा असतो आणि तोही त्यांच्या गरिबीवर. विचार राहतात बाजूला. हे मला नेहमी खटकतं.

ब्रॅडलॉ 30 जानेवारी 1891 रोजी गेला. तीनच दिवस आधी कॉमन्स सभेनं त्याच्याविरुद्धचा जुना ठराव नोंदीतून काढून टाकला होता, पण तो इतका आजारी होता की ते त्याच्यापर्यंत पोहोचलं नाही. ब्रुकवुडच्या दफनभूमीत अंत्यविधी झाला. लंडनमधले हिंदी लोक झाडून गेले होते. त्यात वकिलीचा अभ्यास करणारा एकवीस वर्षांचा एक विद्यार्थी होता, मोहनदास गांधी. परतताना स्टेशनवर त्यानं काय ऐकलं ते त्यानं पुढे आत्मकथेत लिहिलंय. एका कडव्या नास्तिकानं एका पाद्रीला गाठलं. देव मानता? मानतो. पृथ्वीचा घेर 28,000 मैल, हे कबूल? कबूल. मग सांगा तुमचा देव केवढा आणि राहतो कुठे! पाद्री शांतपणे म्हणाले, आपल्याला कळेल तर तो आपल्या दोघांच्याही हृदयात राहतो. नास्तिक म्हणाला, मला काय लहान मूल समजता? आणि विजयी मुद्रेनं आसपासच्या लोकांकडे पाहिलं.

गांधींना त्या नास्तिकाचा तोरा आवडला नाही. मला मात्र वेगळीच गंमत वाटते. पृथ्वीचा घेर आहे पंचवीस हजार मैलांच्या आत. म्हणजे आत्मकथेतला आकडा बरोबर असेल, तर त्या फलाटावर आस्तिक आणि नास्तिक यांचं ज्या एका गोष्टीवर एकमत झालं, तीच नेमकी चुकीची होती!

आपल्या कोर्टात आज दोन्ही वाटा खुल्या आहेत, 1969 च्या कायद्यानं. ईश्वराची शपथ घ्या, नाहीतर प्रतिज्ञा करा. कुठलीही घेतली तरी समोरचा वकील उठतो, चष्मा सारखा करतो आणि तेच विचारतो : 'त्या दिवशी तुम्ही नक्की कुठे उभे होतात?'

नमस्कार.