मरियेचा मान, ख्रिस्ताचं देवत्व

हे चित्र पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेतलं. येशूची आई मरिया, तिच्या डाव्या हातावर बाळ येशू आहे. आता तिच्या उजव्या हाताकडे नीट पाहा. तो जोडलेला नाही, आशीर्वादासाठी उचललेलाही नाही. तो बाळाकडे बोट दाखवतोय. अशा चित्राला ग्रीक लोक ‘होडेगेट्रिया’ म्हणतात, म्हणजे वाट दाखवणारी. कपाळावर आणि दोन्ही खांद्यांवर एकेक तारा आहे. येशूच्या जन्माआधी, जन्माच्या वेळी आणि जन्मानंतरही ती कुमारीच राहिली, या श्रद्धेची ती खूण.

मग ख्रिस्ती लोक मरियेची पूजा करतात का? हा प्रश्न परक्यांनी जितका विचारला, तितकाच ख्रिस्ती लोकांनी एकमेकांना विचारलाय. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स दोघांचंही उत्तर एकच: आराधना फक्त देवाची. संतांना मान, मरियेला सगळ्या संतांहून वरचा मान, पण मानच. पवित्र चित्रांना मान द्यावा की नाही, हा वाद पेटला तेव्हा ७८७ साली निकेयाच्या दुसऱ्या परिषदेनं, म्हणजे बिशपांच्या सभेनं, हीच रेघ ओढली. गुडघे टेकलेल्या भाविकाच्या मनात ती रेघ दर वेळी तितकी ठळक असते का, हे मात्र परिषद ठरवू शकत नाही.

बायबलमध्ये मरिया फार बोलत नाही. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपतो, तेव्हा ती येशूच्या कानावर घालते आणि नोकरांना सांगते, “हा तुम्हाला जे काही सांगेल ते करा.” योहानाच्या शुभवर्तमानातलं तिचं हे शेवटचं वाक्य.

तिच्यावरून खरी ठिणगी पडली ती ४३१ साली, इफिसच्या परिषदेत. कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष नेस्टोरियस म्हणत होता, तिला ख्रिस्तमाता म्हणा, देवमाता कशाला? देवाला आई कुठून येणार? वरवर पाहता रास्त प्रश्न. अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल यानं तो उलटवला: तिच्या पोटी आला तो देवच असेल, तर ती देवमाताच, नाहीतर येशूचे दोन तुकडे पाडावे लागतील, एक देव आणि एक माणूस. नेस्टोरियसचं पद गेलं. सिरिल काही साधाभोळा नव्हता; नेस्टोरियसच्या बाजूचे अंत्युखियाचे बिशप पोचायच्या आतच त्यानं सभा उरकायला घेतली. पण निकाल टिकला. त्या रात्री इफिसच्या लोकांनी मशाली पेटवून बिशपांना मुक्कामी पोचवलं. भांडण आईच्या पदवीचं दिसत होतं, निवाडा झाला तो मुलाच्या देवत्वाचा.

जपमाळेचा एकेक मणी सरकतो तसं ‘नमो मरिया’ ही प्रार्थना म्हटली जाते. या प्रार्थनेचा पहिला भाग लूकच्या शुभवर्तमानातला: आधी देवदूताचं अभिवादन, मग मरियेची नातलग अलिशिबा हिचे उद्गार. पुढे येते ती विनवणी: आम्हा पाप्यांसाठी प्रार्थना कर. इथे मागणं वरदानाचं नाही, तिनं आपल्यासाठी देवाकडे शब्द टाकावा एवढंच.

प्रोटेस्टंटांचा आक्षेप नेमका इथेच आहे. देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त. मग तिच्याकडे कशाला जायचं? प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरला मरियेबद्दल आदर होता, १५२१ साली त्यानं मरियेनं गायलेल्या देवाच्या स्तुतिगीतावर भाष्यही लिहिलं. संतांचा धावा मात्र त्यानं नाकारला. पुढे रोमच्या पोपनी दोन सिद्धांत जाहीर केले: १८५४ साली तिचं निष्कलंक गर्भसंभवन, म्हणजे आईच्या पोटात आल्या क्षणापासून तिला मूळ पापाचा डाग नव्हता हा, १९५० साली तिचं सदेह स्वर्गारोहण. दरी रुंदावली. त्यातला पहिला तर ऑर्थोडॉक्सांनाही पटला नाही, कारण मूळ पापाची, म्हणजे आदामापासून माणसाकडे आलेल्या पापाची, त्यांची समजच वेगळी.

खुद्द कॅथलिकांमध्येही एकमत कुठे होतं? जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत प्रश्न आला: मरियेवर स्वतंत्र दस्तऐवज काढायचा, की चर्चवरच्या दस्तऐवजातच तिला एक प्रकरण द्यायचं? २९ ऑक्टोबर १९६३ रोजी मतदान झालं. प्रकरणाच्या बाजूनं १,११४, विरोधात १,०७४. अवघी चाळीस मतं. मरिया त्या दस्तऐवजाचं शेवटचं, आठवं प्रकरण झाली, आणि ख्रिस्ताच्या एकमेव मध्यस्थीला तिच्यामुळे उणेपणा येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं गेलं. ‘चर्चची माता’ ही पदवी मजकुरात घेतली नव्हती. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी दस्तऐवज जारी झाला, आणि त्याच दिवशी पोप सहावे पॉल यांनी आपल्या भाषणात ती पदवी तिला देऊन टाकली.