बदलायला नेलेली पुस्तकं

(पडद्यावर: कपाटातल्या पुस्तकांच्या पाठी. काळं रेक्झिन, लाल रेक्झिन, पांढऱ्या रंगात आकडे.)

बाहेरून सगळी सारखीच दिसतात. मूळ मुखपृष्ठ बांधणीत गेलं, वर रेक्झिन चढलं, पाठीवर दाखल क्रमांक पडला. आत काय आहे हे कळायला पुस्तक उघडावंच लागतं.

डोंबिवलीतलं हे वाचनालय. इथे सभासद पुस्तक बदलायला येतात. मीही सहा महिने हेच केलं, पण दोनच कपाटांपुरतं: रहस्यकथा आणि विज्ञानकथा. मराठी माणसाला वाचनाची चटक लावली ती या कपाटांनी, आणि साहित्याच्या चर्चेत सर्वांत कमी बोललं जातं तेही यांच्याचबद्दल. मला ते पटत नाही.

(पडद्यावर: तारखेची चिठ्ठी, अगदी जवळून.)

ही चिठ्ठी बघा. एका पावसाळ्यात नऊ शिक्के. जागा संपली तेव्हा हिच्यावरच दुसरी चिठ्ठी डकवली, मग तिसरी. खळ वाळून कागद पापडासारखा कडक झालाय.

पुस्तक बाबुराव अर्नाळकरांचं. त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, इथे उरल्यात एकवीस. पुन्हा पुन्हा बांधणी झाल्यामुळे टाक्यांनी आतला समास खाल्लाय. उजव्या पानावर ओळीचं पहिलं अक्षर दिसतच नाही. ‘नंजय’ म्हणजे धनंजय. ‘जया’ म्हणजे विजया. चार-पाच पानं अडखळायला होतं, मग डोळा आपणहून अक्षरं भरत जातो आणि पुस्तक धावत सुटतं ते सुटतंच.

आज वाचताना त्यांचे शेवट मला घाईचे वाटले. गुन्हेगार सापडतो, तो कसा सापडला हे मात्र दोन वाक्यांत उरकलेलं. पण दार नेमकं कधी वाजवायचं, हे अर्नाळकरांना जसं कळतं तसं फार थोड्यांना कळतं. खोलीत दोन माणसं बोलतायत, एक जण थांबतो, कान देतो. तेवढ्यावर मी रात्री एक वाजेपर्यंत जागी राहिले.

(पडद्यावर: खालचा कप्पा. वाचनालय सांभाळणारे काका पुस्तकं पुसून परत लावतायत.)

सुहास शिरवळकर. ‘दुनियादारी’ सगळ्यांना ठाऊक असते. मी वाचल्या त्या अमर विश्वासच्या कथा. वकील नायक, कोर्टातली उलटतपासणी. साक्षीदार जरा लवकरच कोसळतात असं मला वाटलं. भाषा मात्र अशी, की पात्र तोंड उघडतं तेव्हा आपण पुण्याच्या कट्ट्यावर बसलेलो असतो.

(पडद्यावर: टेबलावर मांडलेली पुस्तकं, शेजारी उदबत्ती.)

जयंत नारळीकर २० मे २०२५ ला गेले. दुसऱ्या दिवशी काकांनी त्यांची सगळी पुस्तकं कपाटातून काढून टेबलावर मांडली. हे चित्रीकरण तेव्हाचं.

(पडद्यावर: कोरा कागद. एक हात अक्षरं लिहितो: ना. वि. ज.)

आता हा कागद. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली. ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचा: ज. वि. ना. जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावामुळे परीक्षकांचा कल बदलू नये, म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं. अक्षर ओळखलं जाईल म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातून लिहून घेतली. केंब्रिजला नाव कमावलेला शास्त्रज्ञ मराठी कथेच्या स्पर्धेत अनोळखी माणूस म्हणून उतरला. कथेला पहिलं बक्षीस मिळालं.

त्यांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी मी शाळेत असताना वाचली होती, आता पुन्हा वाचली. गुरुत्वाकर्षणाच्या प्रयोगासाठी खोदकाम चाललंय. जमिनीच्या पोटात एक पेटी लागते, कुठल्याशा लयाला गेलेल्या प्रगत संस्कृतीने मागे ठेवलेली. एक भौतिकशास्त्रज्ञ, एक संगणकतज्ज्ञ आणि एक पुरातत्त्वज्ञ तिचा अर्थ लावायला बसतात. त्यातून यंत्रमानव उभा राहतो, वामन. तीन पावलं जमीन मागणाऱ्या बटूचं नाव, आणि बळीची गोष्ट ऐकत वाढलेल्या वाचकाच्या पोटात तिथेच गोळा येतो.

शाळेत मला त्यातली चोरांची पळापळ आवडली होती. आता तीच पानं मी भराभर उलटली. काही संवाद तर वर्गात तास चालू असल्यासारखे आहेत, हेही खरं. पण तिघं जण पेटीतलं ज्ञान एकेक करून उलगडतात ती प्रकरणं! कोणी कोणावर पिस्तूल रोखत नाही, फक्त एक गोष्ट समजते, मग दुसरी समजते, आणि आता आपण थांबायला हवं होतं हे वाचकाला त्या तिघांच्या आधी कळतं. स्वतःसारखं दुसरं यंत्र घडवू पाहणारा वामन आज वाचताना जवळचा वाटतो. मोबाईल बाजूला ठेवून मी ते प्रकरण दोनदा वाचलं.

(पडद्यावर: दोरीने बांधलेले गठ्ठे. रिकामं कपाट.)

मार्चअखेर वाचनालय बंद झालं. जागा मालकाला परत गेली, बरीचशी पुस्तकं रद्दीच्या टेम्पोत.

(पडद्यावर: खिडकीशी खुर्ची, मांडीवर काळं रेक्झिन.)

एकवीसपैकी चौदा अर्नाळकर मी घरी आणले. काकांनी अनामत परत द्यायला काढली, मी पुस्तकांच्याच हिशोबात धरायला सांगितली. सध्या तिसरं चालू आहे. अर्नाळकरांचा नायक झुंजार एका बंद खोलीत अडकलाय, आणि माझी चाळीस पानं बाकी आहेत.