टिक् झालं की केळं

टिक्. हा आवाज प्रशिक्षकाच्या मुठीतल्या क्लिकरचा. लगेच सिरिंजमधून कुस्करलेलं केळं उंदराच्या तोंडात.

हे तांझानियातलं मोरोगोरो. इथल्या सोकोइने कृषी विद्यापीठाच्या आवारात ‘अपोपो’ ही संस्था गालात खाऊ साठवणाऱ्या या मोठ्या आफ्रिकी उंदरांना सुरुंगातलं टीएनटी हे स्फोटक हुंगायला शिकवते.

आधी एवढंच शिकायचं: टिक् झालं की खाऊ. आता त्याचं नाक बघा. खाली भोक, भोकात टीएनटीचा वास. सुरुवातीला नाक नुसतं जवळ गेलं तरी टिक्. मग तेवढ्यावर भागत नाही, नाक आत घालावं लागतं. मग तिथेच धरून ठेवावं लागतं. क्षणभर, मग आणखी जरा. अट वाढते ती अशी केसाकेसाने. उंदीर गोंधळलाच, तर प्रशिक्षक एक पायरी खाली येतो. आणि चुकीच्या भोकापाशी थांबला तर? ना ओरडा, ना चापट. फक्त टिक् होत नाही. मारूनमुटकून ही चिकाटी येत नाही.

ही रीत हाती लागली १९४३ साली, अमेरिकेत. मिनिआपोलिसच्या एका पिठाच्या गिरणीत, वरच्या मजल्यावर, मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आणि त्यांचे सहकारी कबुतराला चोचीने लाकडी चेंडू ढकलायला शिकवू बघत होते. ढकलला की दाणे द्यायचे, असं ठरलेलं. कबुतर ढिम्म. मग चेंडूकडे नुसतं बघितलं तरी दाणे मिळू लागले. नंतर चोच तिकडे वळली की, मग चेंडूला लागली की. काही मिनिटांत चेंडू खोक्याच्या भिंतींवर आपटायला लागला! याला म्हणतात शेपिंग.

आता मैदान. दोघांनी ताणून धरलेली दोरी, तिला पट्ट्याने अडकवलेला उंदीर. प्राणी निशाचर, म्हणून कानांना आणि शेपटीला सनस्क्रीन चोळलेलं. मातीखाली चहापत्ती ठेवायच्या धातूच्या जाळीदार गोळ्या, पण त्यांत टीएनटी. पुढे निकामी केलेले खरे सुरुंग. तो पुढे जातो, थबकतो, मागे वळून पुन्हा हुंगतो. आता पुढचे पाय बघा, माती उकरतायत. टिक्!

इथवर यायला साधारण नऊ महिने. शेवटच्या परीक्षेत सुरुंग कुठे पुरलेत, हे दोरी धरणाऱ्यांनाही माहीत नसतं.

इथेच शिकलेल्या मगावा नावाच्या उंदराने कंबोडियात शंभरावर सुरुंग आणि न फुटलेली स्फोटकं शोधली. वजन जेमतेम सव्वा किलो, त्यामुळे पायाखाली सुरुंग फुटत नाही. २०२० साली ब्रिटनच्या ‘पीडीएसए’ या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या संस्थेने त्याला सुवर्णपदक दिलं.