घरच्या भजनाला बसताय? आधी मृदंगाची कणीक बघा

नमस्कार मंडळी! चतुर्थी तोंडावर आली की दरवर्षी तुमचा एकच प्रश्न येतो, घरी चार मित्र जमवून भजनाला बसायचं तर काय काय लागतं? फार काही लागत नाही हो. पेटी, मृदंग, टाळांच्या दोन-तीन जोड्या, पडवीत चटया, मंडळींना चहा नि काळ्या वाटाण्याची उसळ. नाम, रूपाचा अभंग, गवळण, गजर हा क्रम तुम्हाला ठाऊकच आहे. आणि कृपा करून माईक लावू नका. पडवीत दहा माणसं, त्यांतली आठ कोरसला, मग माईक ऐकवायचा कुणाला? रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, हे २००० सालच्या नियमांत आहे, आणि आपलं भजन रंगतं दहानंतरच.

आता कणीक. आपल्याकडे पखवाजालाच मृदंग म्हणतात. त्याच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावतात. तिच्या वजनानं कातडं जड होतं, सूर खाली उतरतो आणि तो घुमारा मिळतो. उजवं तोंड पेटीच्या सा ला लावायचं, डावं त्याच्या खालच्या सा कडे न्यायचं. नेमकं इथेच घरोघरी बिघडतं.

पहिली चूक पिठाची. कोकणातलं घर, डबा उघडला की तांदळाचं पीठ. आमच्या काकीनं एकदा तेच पुढे केलं, "पीठ व्हया मा? ह्यां घे." लावलं, आणि पहिल्या थापेला सगळं माझ्या मांडीवर. तांदळाच्या पिठाला चीक नसतो, गव्हाचंच लागतं.

दुसरी चूक, चपात्यांसाठी मळलेल्या गोळ्यातला तुकडा तोडून आणणं. त्यात तेल, मीठ असतं. तेलानं गोळा सुटतो आणि कातडं खराब होतं ते वेगळंच. वेगळी कणीक घ्या, नुसत्या पाण्यात, चपातीपेक्षा सैल मळा. कातड्यावर आधी ओला हात फिरवा. मग गोळा मधोमध ठेवून बोटांनी पसरा, मध्ये जाड, कडेला पातळ. हे बघा, कॅमेरा जवळ आणतो... अशी. थाप मारा. आवाज टणक आला तर अजून थोडी लावा, बसका आला तर चिमूटभर काढा. किती ग्रॅम म्हणून विचारता, पण ते मृदंगागणिक बदलतं. कानानंच ठरवायचं.

तिसरी गोष्ट, लावली म्हणजे संपलं नाही. तासाभरात कणीक सुकते, कडा उचलल्या जातात, घुमारा जातो. वादकाशेजारी पाण्याची वाटी ठेवा. बुवा आलाप घेतायत तेवढ्यात ओलं बोट फिरवायचं.

"शाईचा डावा घ्या, कटकट संपली," असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. घ्या की! त्याच्या डाव्या तोंडावर कणकेऐवजी कायमची काळी शाई असते, म्हणून फिरत्या मंडळाला तो सोयीचाच. पण घरात, इतक्या जवळून ऐकताना, कणकेचा तो ओला, खोल आवाज मला हवाच असतो.

आणि भजन संपलं की कणीक त्याच रात्री काढा. एका चतुर्थीला पहाटे साडेतीनला आरती झाली, मी तसाच आडवा झालो. सकाळी बघतो तर उंदरानं कणकेसकट कातडं कुरतडलेलं. वडिलांचा मृदंग होता तो. नवीन पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, चढवली, पण तो आवाज पुन्हा मिळाला नाही. म्हणून सांगतो, कितीही झोप येऊ दे, ओल्या फडक्यानं पुसून, कोरडा करून मगच गवसणीत, म्हणजे त्याच्या खोळीत, घाला.

पावसात उजवं तोंडही ओल धरून उतरतं. तासभर आधी गवसणीतून काढून ठेवा, पण चुलीजवळ नको. मग गजऱ्यावर, म्हणजे कातड्याच्या कडेच्या गोफावर, हातोडीनं हलके ठोका. वरून ठोकलं की सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो.

एका ताईंनी विचारलंय, "आम्ही सगळ्या बायकाच, मृदंग काळी एकचा, पट्टी फार खाली जाते." (काळी एक म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी स्वरपट्टी.) ताई, तो ठोकून ठोकून काळी चारला नेऊ नका, वादी, म्हणजे कातडं ताणून धरणारी चामड्याची दोरी, तुटेल. पेटीवर काळी तीनला सा धरा. मृदंगाचा सूर तुमचा पंचम होतो, अजिबात खटकत नाही. आज रात्रीच करून बघा आणि कसं वाटलं ते कळवा.