फाट्यावर उतरलेला माणूस

(दृश्य : दर्यापूरकडची काळी जमीन. भर दुपार.)

पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. उलंगवाडी झाली, पऱ्हाट्या उपटल्या, की नजर जाईल तिथवर सपाट वावरं. फाट्यावर येष्टीतून कोण उतरलं, हे गावातून दिसतं.

(दृश्य : रिकामा फाटा. सुटलेली बस.)

असाच एक माणूस एका फाट्यावर उतरतो. अंगात राखाडी सूट. आल्फ्रेड हिचकॉक यांचा १९५९ चा ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’, आणि हा कॅरी ग्रँट. कथेत ही जागा अमेरिकेतल्या इंडियानाची. तो कॅपलन नावाच्या माणसाला भेटायला आलाय. कॅपलन नावाचा माणूस मुळात नाहीच.

अंधारी गल्ली, दिव्याचा खांब हे हिचकॉक यांना नको होतं. जीव घ्यायला त्यांनी लख्ख ऊन निवडलं, मोकळं रान निवडलं. संगीतही बंद ठेवलं. गाडी येते, धुरळा उडवून निघून जाते. तो उभाच.

आम्ही हा सिनेमा गावातल्या शाळेच्या भिंतीवर लावला होता. इंग्रजी फारसं कुणाला कळत नव्हतं. लांबवर फवारणीचं विमान घिरट्या घालू लागलं, तसे मागून एक काकाजी बोलले, “काय फवारून राह्यलं बाप्पा हे? वावरात तं काहीच नाही!”

पडद्यावर बसची वाट पाहणारा शेतकरीही अगदी हेच बोलतो, आणि बसमध्ये चढून निघून जातो.

मग विमान वळतं. पळत पळत तो मक्याच्या वाळल्या धांड्यांत शिरतो. वरून औषधाची भुकटी पडते, तो खोकत बाहेर येतो. शाळेच्या आवारात चिडीचूप. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, शेतमजूर दगावले. पाठीवर पंप घेतलेल्या माणसाला या खोकल्याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही.

(दृश्य : भिंतीवर पडलेला प्रकाश. समोर बसलेल्या बाया.)

नुसत्या पळापळीवर मात्र हा सिनेमा इतकी वर्षं टिकला नसता, असं मला मनापासून वाटतं. त्याला त्या फाट्यावर धाडणारी ईव्ह आहे. आगगाडीत भेटलेली, त्याचा जीव जडलेली. ईव्हा मेरी सेंटनं ती केलीय. तो वाचून परत येतो, ती धावत येऊन बिलगते. तेव्हा त्याचे हात बघा. तिच्या डोक्यापाशी येतात आणि हवेतच थांबतात. टेकत नाहीत.

भिंतीवर ते हात केवढे तरी मोठे दिसत होते. पुढे बसलेली एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, “समजलं त्याले. हिनंच धाडलं व्हतं.”